पेला, धूर आणि जकात

जेवण उरकल्यावर पोर्टची बाटली टेबलावरून डावीकडे सरकवत न्यायची आणि मग सिगार पेटवायचा, हा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज पुरुषांचा रिवाज. आपल्यापर्यंत तो इंग्रजी कादंबऱ्यांतून, सिनेमांतून आणि अलीकडे मोठ्या हॉटेलांच्या मेनूकार्डांतून पोचला. येताना एक समजूतही घेऊन आला, की ही जोडी जणू वरूनच जुळून आलेली आहे. कोणत्या पेयाबरोबर कोणता धूर या विषयावर जे लिहिले जाते ते बहुतेक याच समजुतीवर उभे असते. पोर्टपुढे सिगारचे एक नाव, रमपुढे दुसरे, आणि खाली किंमत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बसून हाच विषय मराठीत मांडायचा तर त्या याद्या उतरवून काढून भागत नाही. या पट्ट्याच्या डोंगरात मोह होता, पायथ्याला ताडी होती, गावोगाव विडी होती, अंबरनाथला काडेपेट्यांचा कारखाना होता आणि साऱ्यांच्या डोक्यावर दारूबंदी होती. हे सगळे एकत्र ठेवून पाहिले की या पुस्तकाचे म्हणणे समोर येते. पेय आणि धूर यांचे जमते की नाही हे जीभ सांगते खरे, पण जिभेपुढे काय यायचे ते आधी जकातीच्या नाक्यावर ठरलेले असते. रसिकता नंतर येते, आणि आपण पहिल्यापासून इथेच होतो असा आव आणते.

आधी जिभेची बाजू, कारण ती खोटी नाही. पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यात द्राक्षांचा रस आंबू लागला आणि त्यातली निम्मीशी साखर उरली असतानाच त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्काची द्राक्षांची ब्रँडी ओततात. एवढ्या मद्यार्कात आंबवणारे जंतू मरतात, आंबणे थांबते आणि उरलेली साखर जशीच्या तशी राहते. म्हणून पोर्ट एकाच वेळी गोड आणि कडक असते: मद्यार्क १९ ते २२ टक्के, साखर लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास. सिगारची गोष्ट याच्या उलट बाजूची. त्याचे पान महिनोन्महिने ढिगात आंबवलेले असते, त्याचा धूर अल्कधर्मी असतो आणि त्यातले निकोटीन तोंडाच्या आतल्या अस्तरातूनच शोषले जाते. म्हणून सिगार ओढणारा धूर छातीत घेत नाही, तोंडात घोळवून सोडतो. सगळा कडवटपणा जिभेवरच बसतो. कडूला गोडाने आवर बसतो, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. मेथीच्या लाडवात गूळ का घालतात हे ज्या घराला ठाऊक आहे त्याला ते ठाऊक आहे. शिवाय वीस टक्के मद्यार्क वास उचलून धरायला पुरेसा आणि तोंड भाजायला अपुरा. लाकडी पिपात वर्षानुवर्षे ठेवलेली टॉनी जातीची पोर्ट घेतली तर तिच्यातला अक्रोडासारखा, जळक्या साखरेसारखा वास पिकलेल्या पानाच्या वासाला जाऊन मिळतो. कोवळ्या, रसरशीत रुबी पोर्टचे तेवढे जमत नाही. तुरट लाल वाइन मात्र सिगारबरोबर हमखास फसते: पानही तोंड कोरडे करते, वाइनही करते, आणि तिसऱ्या घोटाला जिभेवर खडू घासल्यासारखे होते. तेव्हा जोडी जमण्याला कारण आहे, ते तपासता येते, आणि पुढच्या प्रकरणांत ते तपासलेही आहे.

पण हे कारण जोडी जमल्यानंतरचे आहे. इंग्रजाच्या टेबलावर मुळात पोर्ट का आली? फ्रेंच वाइन त्याला अधिक आवडत होती, जवळही होती. मध्ये आले युद्ध आणि कर. १७०३ च्या मेथुएन तहाने असे ठरले की पोर्तुगीज वाइनवरची इंग्रज जकात फ्रेंच वाइनवरच्या जकातीच्या दोन तृतीयांशांहून जास्त असणार नाही. बदल्यात पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापड आपल्या बाजारात येऊ द्यायचे. जहाजातून लांब जाणारा माल बिघडू नये म्हणून ब्रँडी घालण्याची रीत वाढली आणि गोड, कडक पोर्ट हीच खरी पोर्ट असे हळूहळू रूढ झाले. हळूहळू म्हणण्याला पुरावा आहे. डोरोच्या खोऱ्याचा नकाशा काढणारा इंग्रज व्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर याने १८४४ मध्ये एक पुस्तिका छापून ब्रँडी घालण्यावर कडाडून टीका केली. चांगली पोर्ट कोरडी आणि निर्भेळ असावी असे त्याचे म्हणणे होते. तो वाद हरला. तो जिंकला असता तर आज सिगारबरोबर पोर्ट घ्यावी असे कोणी म्हटले नसते, कारण त्या पोर्टमध्ये कडवटपणाला आवर घालणारी साखरच नसती. सिगारही इंग्लंडात फोफावला तो नेपोलियनविरुद्ध स्पेन-पोर्तुगालमध्ये लढून परतलेल्या सैनिकांबरोबर. म्हणजे एक बाजू तहाने आणली, दुसरी लढाईने, आणि दोघींची गाठ पडल्यावर जिभेने संमती दिली. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालाला दारे बंद केली तेव्हा हेच पुन्हा घडले. क्यूबातून बाहेर पडलेले बी आणि कारागीर यांच्या बळावर डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वा इथले सिगार वर आले आणि अमेरिकेतल्या ओढणाऱ्यांची जीभ त्यांच्या चवीला सरावली.

याच नियमाचा सर्वांत जवळचा दाखला अंबरनाथ पश्चिमेला आहे. तिथला विम्को नाका लोकांच्या तोंडी अजून आहे. त्या नावामागची ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर निघाली. त्याआधी स्वीडनच्या काडेपेट्या बोटीने मुंबईला येत आणि इथे विकल्या जात. इथे कारखाना काढायची स्वीडिश कंपनीला गरज नव्हती. १९२२ मध्ये सरकारने परदेशी काडेपेट्यांवर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया जकात बसवली. काडेपेटीच्या किमतीच्या मानाने हा बोजा फारच जड होता. तेव्हा स्वीडिश कंपनीने माल पाठवण्याऐवजी कारखानाच पाठवला, तो रेल्वेच्या कडेला अंबरनाथला उभा राहिला आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या विड्या त्या काडीने पेटल्या. सिगारच्या पुस्तकांत काडीवर अर्धे पान खर्ची पडते: लाकडी काडी हवी, लांब हवी, गुलातले गंधक पुरते जळून ज्योत पिवळी स्थिर होईपर्यंत थांबायचे, मग सिगारचे टोक ज्योतीच्या जरा वर धरून फिरवायचे, ज्योत पानाला चाटू द्यायची नाही. घाई केली तर पहिला झुरका गंधकाचा येतो. विडी ओढणाऱ्याला एवढी चैन नसते. वाऱ्यात ओंजळ करून एका काडीत विडी लागली पाहिजे, त्यामुळे पहिला झुरका थोडा गंधकाचा असतोच आणि त्याची तक्रार कोणी करत नाही. काडी एकच, जकातही एकच. एकाच्या हाती ती विधी झाली आणि दुसऱ्याच्या हाती हातघाई.

आता या पट्ट्यातल्या मूळच्या जोडीकडे येऊ. बदलापूरच्या पलीकडे डोंगराकडे मोह फुलतो तो फाल्गुन-चैत्रात. पहाटे गळलेली फुले वेचून वाळवली की मनुकांसारखी दिसतात आणि तशीच गोडही लागतात. पोर्टमध्ये जो मनुकांचा वास शोधून काढावा लागतो तो इथे कच्च्या मालातच आहे. ही फुले भिजवून, आंबवून मातीच्या मडक्यांत गाळायची कला ठाकर-कातकऱ्यांना कोणी शिकवायला गेले नव्हते. ही दारू सण, लग्न, मर्तिक आणि देव यांच्याशी बांधलेली होती आणि तिच्याबरोबर पानात गुंडाळलेला तंबाखू होता. इंग्रजी राज्याला यात दिसला तो बुडणारा महसूल. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क मक्त्यात आणि परवान्यात बांधला, ताडीच्या झाडांवरचा कर वाढत गेला, आणि गावठी भट्टीच्या जागी उरणच्या मोठ्या भट्ट्या आल्या. तिथे मोहाची फुले पंचमहालातून यायची. आपल्या दारातला मोह सोडून लोकांनी दूरच्या मोहाची, कर भरलेली दारू विकत घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. तीही पुरेना म्हणून १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी कायदा झाला आणि फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. झाडावरून आपोआप गळणारे फूल घरात ठेवणे हा गुन्हा ठरला! बदलापूर, अंबरनाथ ही गावे त्याच ठाणे जिल्ह्यात. मोह आणि विडी यांची जोडी चवीच्या कसोटीवर कधी नापास झालेली नाही; तिला त्या परीक्षेला बसूच दिले नाही.

स्वातंत्र्य आले तरी नाका हलला नाही, उलट अधिक कडक झाला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याच वर्षी, ८ ऑगस्टला, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे लष्कराच्या जुन्या बराकींत नवे आयुष्य मांडत होती. घरदार सोडून आलेल्यांच्या त्या गावाचे वय आणि दारूबंदीचे वय एकच आहे. पण बंदी सगळ्यांना सारखी नव्हती. पैसा आणि डॉक्टर हाताशी असणाऱ्याला परमिट मिळे, आणि ते ‘आरोग्य टिकवण्यासाठी’ मिळे. नियमातली ही भाषा पुढेही तशीच राहिली. १९६० नंतर बंदी सैल होत गेली, परमिट मात्र टिकले. एक दिवसाच्या परवान्याचा दर वर्षानुवर्षे विदेशी मद्याला पाच रुपये आणि देशीला दोन असा आहे. पिणाऱ्याची इयत्ता ठरवायला तीन रुपयांचा फरक पुरतो. पोर्ट मराठी घरांत शिरली ती याच औषधी आडोशाने. गोव्याहून येणारी ही बाटली बहुतेकदा बंगलोर ब्लू द्राक्षांची गोड लाल वाइन असते, डोरोच्या पोर्टपेक्षा सौम्य. गोव्यातला हलका कर तिची किंमत खाली ठेवतो आणि ‘ताकदीची’ म्हणून असलेली ख्याती तिला कपाटात जागा मिळवून देते. तिच्याबरोबर सिगार ओढावा की नाही हा प्रश्न त्या कपाटापुढे कोणाला पडला नाही. तो पडायला दोन्ही गोष्टी उघडपणे एका टेबलावर याव्या लागतात, आणि आजही हॉटेलात ते जवळजवळ अशक्य आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. मोठ्या हॉटेलांना धूम्रपानाची वेगळी खोली ठेवता येते, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्या खोलीत काहीही वाढता येत नाही. मेनूकार्डावरची जोडी कायद्याने घरीच जुळवायची असते.

यावर पहिला आक्षेप आरोग्याचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. तंबाखू आणि मद्य दोन्ही कर्करोगकारक आहेत, ही बाब वादातीत आहे. शिवाय तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या बाबतीत दोन्हींचे धोके नुसते मिळवले जात नाहीत, गुणले जातात. सिगारचा धूर छातीत जात नाही म्हणून तो निरुपद्रवी, हा युक्तिवाद तोंडाच्या कर्करोगापुढे उभा राहत नाही. धूर तोंडात घोळवणे हीच तर सिगारची रीत आहे. ज्या राज्यात तंबाखूने तोंडाच्या कर्करोगाचे इतके रुग्ण दिले तिथे या जोडीची तारीफ करणारे पुस्तक लिहिणे बेजबाबदारपणाचे ठरेल, हे मान्य. म्हणून हे पुस्तक कोणाला ओढायला वा प्यायला सांगत नाही, सुरक्षित प्रमाण सांगत नाही, आणि जिथे जोडी जमते असे म्हणते तिथे फक्त चवीपुरते म्हणते. मात्र या आक्षेपाचा एक वापर मान्य नाही. करामागे आरोग्याचीच काळजी होती असे मागे वळून म्हणता येणार नाही. १८९२ मध्ये कातकऱ्याच्या यकृताची चिंता कोणालाही नव्हती. असती तर उरणच्या भट्ट्या आधी विझल्या असत्या. विडीवर सिगारेटच्या मानाने कायम हलका कर राहिला तोही विडी कमी घातक म्हणून नव्हे, तर ती वळणारे लाखो हात आणि ती ओढणारे लाखो मतदार होते म्हणून.

दुसरा आक्षेप असा, की गावठी दारूचे गोडवे गाणाऱ्याने मालवणी आठवावे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत असेच घडले होते. आठवावेच. पण ही माणसे मोहाने मेली नाहीत, मिथेनॉलने मेली, आणि मिथेनॉल कारखान्यांच्या पिंपांतून येते. अंबरनाथ-बदलापूरसारख्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात हा धोका दूरचा नाही. आज ज्याला हातभट्टी म्हणतात तिच्यात मोह औषधालाही नसतो. काळा गूळ आणि नवसागर असतो. फूल बाळगणे गुन्हा झाले तेव्हा भट्टीवाल्याने फूल सोडले, भट्टी सोडली नाही. चव मेली आणि धंदा राहिला, तोही लपून चालणारा, ज्यात आज कोणत्या पिंपातले काय मिसळले हे पिणाऱ्याला विचारता येत नाही. हातभट्टीबरोबर काय ओढावे हा प्रश्न म्हणूनच या पुस्तकात घेतलेला नाही. तिची चव जाणून घेण्यासारखी नाही, आणि असती तरी विश्वासाने तोंडाला लावावी असे तिच्यात काही नाही.

तिसरा आक्षेप रसिकांचा आहे, आणि तो मला सर्वांत कच्चा वाटतो. जगभर लोक पोर्ट आणि सिगार एकत्र घेतात, तेव्हा ती जोडी श्रेष्ठ असणारच. मोह-विडीला ते स्थान कसे द्यायचे? जगभर हे लोक कोण, हा प्रश्न बाजूला ठेवू. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना टपरीवर पाहावे. निम्मा पेला कडक, भरपूर साखरेचा दुधाचा चहा आणि हातात विडी. तेंदूचे पान सच्छिद्र नसते, सारखे ओढले नाही तर विडी विझते, म्हणून झुरके भरभर आणि धूर कडवट. निपाणीकडचा उन्हात वाळवलेला तंबाखू त्यात आणखी तिखटपणा घालतो. त्यावर चहा काय करतो? साखर कडवटपणा दाबते, दूध चहापत्तीचा तुरटपणा झाकते, आणि गरम घोट जिभेवरचा धुराचा थर धुऊन नेतो. पोर्टने सिगारसाठी जे काम करायचे तेच काम इथे काही रुपयांत होते, आणि मद्यार्काशिवाय होते. रचना तीच. फरक एवढाच की पोर्टच्या बाजूने तीनशे वर्षे लेखक लिहीत आले आणि या निम्म्या पेल्याच्या, कटिंग चहाच्या बाजूने कोणी लिहिले नाही. आक्षेप घेणारा म्हणेल, की टपरीवरचा माणूस चव घेत नाही, थकवा घालवतो. इंग्रज सरदार जेवणानंतर काय करत होता?

एवढे सांगून मोहाला डोक्यावर घेणेही चुकीचे ठरेल, कारण जीभ तसे म्हणत नाही. ऊर्ध्वपातनात साखर मागे राहते. फूल कितीही गोड असो, गाळलेला मोह कोरडाच असतो. वास फुलाचा, घोट आगीचा. विडीच्या तिखट धुरावर तो आणखी जाळ करतो, आणि सोबत गूळ किंवा ताडगोळ्यासारखे काही नसेल तर जोडी पोर्ट-सिगारइतकी जमत नाही. बदलापूरच्या जांभळाचे उलटे आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळात रंग, आंबटगोडपणा आणि तुरटपणा भरपूर. त्याची कोरडी वाइन केली तर सिगारबरोबर ती जीभ पार सुकवून टाकेल. पण तिचे आंबणे मध्येच थांबवून साखर राखली, म्हणजे डोरोची युक्ती उल्हास नदीच्या काठी वापरली, तर टॉनीच्या जवळ जाणारे काही हाती लागण्याची शक्यता आहे. ते का होत नाही याचे उत्तर पुन्हा नाक्यावरच सापडते. द्राक्षाच्या वाइनला २००१ च्या धोरणाने करसवलत दिली आणि नाशिक जिल्हा पाहता पाहता वाइनचा जिल्हा झाला. त्याआधी तिथली माती काही वेगळी नव्हती. मोहफुले गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठवले, म्हणजे १८९२ नंतर जवळपास एकशे तीस वर्षांनी. २०२२ मध्ये मोह आणि काजूबोंडांच्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचे ठरले. इथल्या झाडाचे फूल प्रतिष्ठित व्हायचे तर त्याला कागदोपत्री परदेशी व्हावे लागते, ही गंमत सोडून देऊ. या पट्ट्यातल्या कोणत्या आदिवासी पाड्याला त्या धोरणातून परवाना परवडतो, हा प्रश्न सोडता येत नाही, आणि सहाव्या प्रकरणाचा बराचसा भाग त्यावरच गेला आहे.

पुस्तकाचा क्रम त्यामुळे नेहमीसारखा नाही. सुरुवात टपरीपासून आहे: कटिंग आणि विडी, मग ताडी, मग मोह. काडेपेटीला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पोर्ट आणि सिगार पाचव्या प्रकरणात येतात, आणि तिथे टॉनी कोणती, रुबी कोणती, गोव्याची बाटली कुठे बसते, सिगारचे टोक किती कापावे हे सगळे नेहमीचे तपशील आहेत. ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांनी थेट तिथे जायला हरकत नाही. फक्त किमतींचा तक्ता त्या प्रकरणात मिळणार नाही. प्रत्येक पेयावर आणि प्रत्येक धुरावर कोणता कर कधी बसला आणि कधी उठला, याचा तक्ता मात्र शेवटी जोडला आहे.